खिळ्यांनी हायड्रेंजिया निळा होत नाही

"हायड्रेंजियाच्या मुळाशी गंजके खिळे पुरा, गुलाबी फुलं निळी होतील." हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय.

निळा रंग लोखंडामुळे नव्हे, अॅल्युमिनियममुळे येतो. तो बहुतेक मातीत असतोच, पण मुळांना मिळतो तो माती आम्ल असली तरच. सामू (pH, म्हणजे मातीच्या आम्लतेचं माप; जितका कमी तितकी माती आम्ल) साधारण 5.5 च्या खाली असेल तर फुलं निळी, 6.5 च्या वर गुलाबी, मधे जांभळट. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या जांभ्याच्या तांबड्या मातीत फूल आपसूक निळं होतं आणि श्रेय खिळ्याला जातं. तोच खिळा चिकोडी-अथणीच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत पुरला, तर फूल गुलाबीच राहतं.

खात्री करायची तर एकाच झाडाच्या दोन फांद्या सारख्याच मातीच्या दोन कुंड्यांत लावा, एकीत खिळे घाला. पाणी एकच द्या. दोन्हीकडे पहिला बहर आला की रंग ताडून बघा. मातीवर व्हिनेगर टाकून ती फसफसली, तर चुना भरपूर आहे. तिथे जमिनीत निळ्याचा नाद सोडून कुंडीच बरी.

निळं हवंच असेल, तर 4 लिटर पाण्यात 15 ग्रॅम अॅल्युमिनियम सल्फेट विरघळवून, आधी भिजवलेल्या मातीत घाला. जास्त झालं तर मुळं करपतात. सुपर फॉस्फेट टाळा, त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) अॅल्युमिनियमला बांधून टाकतं. बोअरचं जड पाणीही हळूहळू सामू वाढवतं, म्हणून पावसाचं साठवलेलं उत्तम. पांढऱ्या जातींवर मात्र यातलं काहीच चालत नाही.