आठवड्याची गोळी रोज घेतली तर

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची गोळी किंवा पुडी आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे घ्यायला सांगतात. कोर्स संपतो, पण चिठ्ठी घरात असते आणि दुकानदार गोळ्या देत राहतो. मग गुडघे दुखतात म्हणून आजी ती रोज घेऊ लागतात. उतारवयात रोज ६०० ते ८०० युनिट पुरतात. म्हणजे एका पुडीत अडीच-तीन महिन्यांची बेगमी झाली!

जास्तीचं क जीवनसत्त्व बरंचसं लघवीवाटे निघून जातं. ड तसं जात नाही. ते चरबीत साठतं आणि गोळी थांबवल्यावरही कित्येक आठवडे अंमल चालू ठेवतं. आतड्यातून कॅल्शियम ओढून घेणं हे त्याचं काम. ते अती झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं. तहान लागते, सारखी लघवी होते, पोट साफ होत नाही, जेवण नकोसं वाटतं, बोलण्यात घोळ होऊ लागतो. पुढे मूत्रपिंडं बिघडतात. यातलं एकेक लक्षण घरातले ‘वय झालं आता’ म्हणून सहज सोडून देतात. मला खरी भीती याचीच वाटते.

त्यात रक्तदाबाची गोळी. क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइडमुळे लघवीतून सोडियम जातं, पण कॅल्शियम शरीरातच अडून राहतं. ड जीवनसत्त्व, वर कॅल्शियमची गोळी, वर ही. तिन्ही आपापल्या जागी योग्य, एकत्र आल्या की पंचाईत.

मुळ्या-पाल्यांचंही तेच. जेष्ठमधाची कांडी अधूनमधून चघळली तर बिघडत नाही. पण रोजच्या काढ्यातून महिनोन्‌महिने पोटात गेलं, तर त्यातलं ग्लिसरायझिन मूत्रपिंडातल्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतं. तो विकर एरवी कॉर्टिसॉल या संप्रेरकाला (हार्मोनला) निष्प्रभ करतो. तो थंडावला की शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम गमावतं आणि रक्तदाब चढतो. मग डॉक्टर गोळीचा डोस वाढवतात, कारण काढ्याबद्दल त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

गुळवेलीवरून तर वादच झाला. २०२० च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं तिथल्या यकृततज्ज्ञांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, दिसायला तशीच दुसरी वेल असू शकते. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. दुसऱ्या वेलीची शंका खरी धरली, तरी काढा करणाऱ्याला वेल ओळखता येते का, हा प्रश्न उरतोच.

सगळंच फेकून द्या, असं नाही. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी पडू शकतं. तपासणीत तसं दिसलं तर बी-१२ ची गोळी हवीच. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर ठेवलं की दोन्ही चालतात. डॉक्टरांकडे जाताना पुड्या, चूर्णं, काढ्याची बाटली, शेजारणीने दिलेल्या कॅप्सूल, सगळं एका पिशवीत घालून न्यावं. ‘काय काय चालू आहे?’ असं विचारल्यावर हे सगळं सहसा कुणी सांगत नाही.