कोल्हापुरातील कानडी

कोल्हापूर शहरात आणि जिल्ह्यात मराठीच्या जोडीने बोलली जाणारी भाषा. मराठी घरांतल्या अनेकांना ती कानावर पडून थोडी कळते आणि नीट शिकावी असेही वाटते. पुस्तकात हिला ‘कन्नड’ म्हणतात, बोलण्यात ‘कानडी’. शिरोळ, हातकणंगले, कागल, गडहिंग्लज या भागांत लिंगायत आणि जैन कुटुंबांच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. शहरातल्या मराठी माणसाला ती लागते बाजारपेठेत, दवाखान्यात, कारखान्यात आणि निपाणी-चिकोडीकडच्या सोयऱ्यांकडे. निपाणी इथून सुमारे ४० किलोमीटरवर आहे.

हा शेजार जुना आहे. कोल्हापूरच्या शिलाहार राजांचे कोरीव लेख संस्कृतबरोबर कन्नडमध्येही आहेत आणि खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात कन्नड शिलालेख आजही पाहता येतात. राजाराम महाविद्यालयात प्राकृतचे मोठे अभ्यासक आ. ने. उपाध्ये यांनी अनेक वर्षे शिकवले. ते मूळचे सदलग्याचे, कानडी घरातले. ज्ञानपीठ मिळवणारे कन्नड लेखक वि. कृ. गोकाक याच महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि सीमाप्रश्न उभा राहिला, तरी बाजार आणि सोयरीक यांच्यामुळे भाषेची ये-जा चालूच राहिली.

कोल्हापूरच्या कानाला इतर भाषाही नव्या नाहीत. मुसलमान घरांत दख्खनी बोलतात, तिच्यातला ‘नक्को’ मराठीतून गेलेला. गांधीनगरच्या घाऊक बाजारात सिंधी ऐकू येते. तिथेच, तेव्हाच्या वळिवडे छावणीत, दुसऱ्या महायुद्धात आलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात राहिले आणि त्यांच्या मुलांच्या शाळा पोलिश भाषेत भरत. आजच्या तरुणांची ओढ जर्मन आणि जपानीकडे आहे, कारण त्या भाषांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत (जर्मनच्या ए१ ते सी२, जपानीच्या एन५ ते एन१) आणि प्रमाणपत्र नोकरीला उपयोगी पडते. कानडीला असा बाजारभाव नाही, म्हणून ती ‘कधीतरी शिकू’ या यादीत पडून राहते. हे नुकसान आहे, कारण मराठी माणसाला इतकी जवळची वाक्यरचना क्वचितच दुसरीकडे सापडेल.

भाषा ‘येणे’ हा प्रयोगच पाहा. ‘मला कन्नड येते’ याचे कानडी ‘ननगे कन्नड बरुत्तदे’. ननगे म्हणजे मला, बरुत्तदे म्हणजे येते. ‘जेवण झालं का हो?’ हे आपल्याकडच्या कानडीत ‘ऊट आतेनरी?’. ‘येतो म्हणून सांगितलं’ मधल्या ‘म्हणून’च्या जागी ‘अंत’ बसतो: ‘बर्तीनि अंत हेळिद’. मराठीत ‘नाही’ आणि ‘नव्हे’ असे दोन नकार आहेत, तसेच कानडीत ‘इल्ल’ आणि ‘अल्ल’. दूध संपले असेल तर ‘हालु इल्ल’. भांड्यात आहे ते दूध नव्हे, ताक आहे, असे सांगायचे तर ‘इदु हालल्ल’. कोल्हापूरकराला हा फरक शिकवावा लागत नाही, तो रोज ‘न्हाई’ आणि ‘न्हवं’ वेगळे बोलतो. तूप, अण्णा, अक्का, अडकित्ता हे शब्द तर दोन्ही घरांचे. कोल्हापुरात बायकाही ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. कानडीतही प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नसते, म्हणून ही लकब कानडीच्या सहवासातून आली असे अनेक जण मानतात.

घोळ होतो तो कानात. कानडीत ए आणि ओ यांचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन उच्चार आहेत, मराठीच्या देवनागरीत एकच अक्षर. भुसारी दुकानातला नेहमीचा पेच असा: ‘बेले’ म्हणजे किंमत, ‘बेळे’ म्हणजे पीक, आणि तोच बे लांबवला की ‘बेऽळे’ म्हणजे डाळ. शिवाय ‘बेल्ल’ म्हणजे गूळ. ल आणि ळ आपल्याला मुळातच वेगळे येतात. चुकते ती लांबी. ‘कोडु’ म्हणजे दे, ‘कोऽडु’ म्हणजे शिंग. म्हणून वहीत देवनागरीत लिहिताना दीर्घ ए-ओपुढे अवग्रह (ऽ) घालण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. नंतर लावू म्हटले की आधीचे दोनशे शब्द पुन्हा ऐकून दुरुस्त करावे लागतात. (या नोंदीत अवग्रह सगळीकडे घातलेला नाही.)

दुसरी चूक शेवटच्या अकाराची. झाडाला कानडीत ‘मर’ म्हणतात, पण र पूर्ण उच्चारायचा. मराठी सवयीने तो पाय मोडून ‘मर्’ होतो आणि ऐकणारा गोंधळतो. जोडाक्षरावर जोर न दिल्यास ‘हळ्ळि’ (खेडे) चे ‘हळि’ (रूळ) होते. ‘चमचा’तला दंत्य च कानडीत नाही, तिथे नेहमी ‘चहा’तला च. काही शब्द ओळखीचे वाटून फसवतात: ‘केळि’ म्हणजे ऐका किंवा विचारा, ‘माडि’ म्हणजे करा.

क्रियापदात एकच मोठी अडचण. मराठीत ‘मी भाकरी खाल्ली’, ‘मी भात खाल्ला’ असे रूप कर्माप्रमाणे बदलते; कानडीत ते कर्त्याला बांधलेले असते: ‘नानु रोट्टि तिंदे’, ‘नानु अन्न तिंदे’. त्याबदल्यात लिंगाचा भार हलका होतो. माणूस सोडून सगळे नपुंसकलिंगी: बस, गाय, पाऊस, सगळ्यांना ‘बंतु’, म्हणजे आले.

शिकण्याचा क्रम असा ठेवावा. पहिल्या पंधरवड्यात प्रश्नशब्द: एनु (काय), यारु (कोण), एल्लि (कुठे), याके (का), यावाग (केव्हा), एष्टु (किती). सोबत ‘बेऽकु’ (हवे), ‘बेऽड’ (नको), ‘साकु’ (पुरे), आणि प्रत्येक विनंतीला ‘री’: ‘बर्री’, ‘हेळ्री’, ‘कूड्री’. हा ‘री’ म्हणजे आपला ‘हो’. तो गळला की वाक्य उद्धट होते. मग आकडे. १ ते १९ आणि २० पासून ९० पर्यंत दहाच्या पटीतले ८ शब्द आले की ९९ पर्यंत सगळे जुळवता येते. ४९ ला मराठीत एकोणपन्नास वेगळे पाठ करावे लागते, कानडीत ते सरळ ‘नलवत्तोंबत्तु’, चाळीस-नऊ. भाव करताना जपायचे ते ‘इप्पत्तु’ (२०) आणि ‘एप्पत्तु’ (७०) यांना. घाईत दोन्ही सारखेच ऐकू येतात, म्हणून आकडा परत उच्चारून पक्का करावा. त्यानंतर तीसेक क्रियापदे, तीही आज्ञार्थापासून.

पुस्तकावर सगळा भर टाकू नये. पुस्तकात ‘आहे’साठी ‘इदे’ असते, निपाणी-चिकोडीकडचा माणूस ‘ऐति’ म्हणतो. ‘मने एल्लि ऐतरी?’ विचारले की तो मोकळेपणाने बोलू लागतो; पुस्तकी बोललात की पुष्कळदा तोच मराठीवर येतो आणि सराव तिथेच थांबतो. अशा वेळी ‘कन्नडदाग हेळ्री’, कानडीत सांगा, एवढे म्हणावे.

लिपी दोनेक महिन्यांनी घ्यावी, कान तयार झाल्यावर. वर्णमालेचा क्रम देवनागरीसारखाच आहे. अक्षरांवर सलग शिरोरेषा नसते, बहुतेकांच्या डोक्यावर छोटी आकडी असते. जोडाक्षरातले दुसरे व्यंजन पहिल्याच्या खाली लहान काढतात. अनुस्वार डोक्यावर येत नाही, तो अक्षरानंतर ओळीतच शून्यासारखा असतो, आणि रफार पुढच्या अक्षराच्या उजवीकडे जातो, त्यामुळे डोळा आधी ‘क’ पाहतो आणि जीभ आधी ‘र्’ म्हणते. वाचनाचा सराव मध्यवर्ती बस स्थानकावर फुकट होतो. कर्नाटकच्या गाड्यांच्या पाट्यांवर गावांची नावे कन्नडमध्ये असतात आणि गावे ओळखीची असल्याने अंदाज लगेच पडताळता येतो. सुरुवात ‘निप्पाणि’पासून करावी, त्यात खाली काढलेला प सापडतो, मग ‘चिक्कोडि’, त्यात दीर्घ ओ, आणि अनुस्वाराचे शून्य ‘संकेश्वर’मध्ये.