26 फेब्रुवारीचा बिनसहीचा कागद

चर्च आणि खगोलशास्त्र म्हटलं की सगळे थेट गॅलिलिओवरच्या 1633 च्या खटल्यावर येतात, पृथ्वी फिरते या मतावरून झालेल्या. पण त्याआधी अर्धशतक आकाशाची मोजमापं चर्चलाच हवी होती. ईस्टर वसंतसंपात (मार्चमधला दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस) आणि पौर्णिमेवर ठरतो, आणि जुन्या कॅलेंडरात संपात दहा दिवस अलीकडे सरकला होता. म्हणून 1582 साली 4 ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी 15 ऑक्टोबर उजाडला. स्पेनमधली एक नन नेमकी त्याच रात्री वारली. पुढे ती संत ठरली आणि तिचा सण 15 तारखेला आला.

या दुरुस्तीचा हिशेब मांडणारा रोमचा जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाचा) गणिती क्लाव्हियस 1611 मध्येही हयात होता. गुरूला चार चंद्र आहेत हे खरं का, असं बेलार्मिन नावाच्या कार्डिनलने, म्हणजे चर्चच्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्याने, विचारलं, तेव्हा त्याने आणि सहकाऱ्यांनी लेखी होकार दिला. खरा गुंता याच कार्डिनलपाशी आहे.

26 फेब्रुवारी 1616 ला त्याने ते चंद्र शोधणाऱ्या फ्लोरेन्सच्या गणितीला, म्हणजे गॅलिलिओला, घरी बोलावून समज दिली. ती नेमकी कशाची? गणितीला सक्तीने मत सोडायला लावलं अशी आवई उठली, तेव्हा मे महिन्यात कार्डिनलने त्याला स्वहस्ते दाखला दिला: शिक्षा नाही, शपथ नाही, पृथ्वी फिरते हे मत 'धरू नये, त्याचं समर्थन करू नये' एवढंच कळवलं आहे. चर्चच्या दप्तरातली नोंद मात्र वेगळं सांगते: हे मत 'कोणत्याही प्रकारे' धरू नये, शिकवू नये, मांडू नये. त्या नोंदीवर कुणाचीच सही नाही.

1633 मध्ये गणितीने दाखल्याची प्रत पुढे केली, न्यायाधीशांनी नोंद. दाखला लिहिणारा 1621 लाच वारला होता, विचारणार कुणाला? 'शिकवू नये' आणि 'कोणत्याही प्रकारे' हे शब्द आठवत नाहीत, असं आरोपी म्हणाला. निकालात तोच दाखला त्याच्यावर उलटवला गेला. नोंद मागाहून घुसडली असा संशय 19व्या शतकात घेतला गेला. आज बहुतेक अभ्यासक ती त्याच काळची मानतात. तरी बिनसहीच्या कागदावर एवढा डोलारा उभा राहावा, हे मला अजून पटत नाही.

पुढचं भराभर झालं असंही नाही. 1651 साली बोलोन्यातल्या एका जेझुइटाने चंद्राचा नकाशा छापला. तो स्वतः पृथ्वी स्थिर मानणारा, पण 'वादळांचा महासागर' म्हणतात त्या चंद्रावरच्या मैदानाजवळच्या ठसठशीत विवराला त्याने पृथ्वी फिरते असं मांडणाऱ्या कोपर्निकसचं नाव दिलं. 93 किलोमीटर व्यासाचं ते विवर साध्या दुर्बिणीतूनही दिसतं. पृथ्वी फिरते म्हणणाऱ्या पुस्तकांवरची सरसकट बंदी चर्चच्या निषिद्ध पुस्तकांच्या 1758 च्या यादीत गळली, नाव घेऊन बंद केलेली पुस्तकं 1835 पर्यंत यादीत राहिली. 1930 मध्ये तो कार्डिनल संत झाला. न्यायाधीशांचं चुकलं, ही पोपची कबुली 1992 ची. पुढच्याच वर्षी ॲरिझोनातल्या डोंगरावर व्हॅटिकनच्या 1.8 मीटर आरशाच्या दुर्बिणीने पहिल्यांदा आकाश पाहिलं.