‘ही शिक्षा नव्हे’: अमेरिकेतील लैंगिक गुन्हेगार नोंदवही आणि तिच्याविरुद्धची चळवळ

अमेरिकेत लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांची नावे, छायाचित्रे आणि राहते पत्ते सरकारी संकेतस्थळांवर कुणालाही पाहता येतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. या नोंदवहीत साडेसात लाखांहून अधिक माणसे आहेत. हे कायदे बदला, असे म्हणणारी चळवळ तिथे पंधरा-वीस वर्षे चालू आहे आणि ती मुख्यतः नोंदीत नाव असलेल्यांच्या आया आणि बायका चालवतात. ही माणसे नेमकी कशाविरुद्ध उभी आहेत, हे कळायला 2003 सालचा एक निकाल पाहावा लागतो.

त्याआधीचे थोडक्यात. कॅलिफोर्नियाने 1947 मध्ये पहिली राज्यव्यापी नोंद सुरू केली. पुढे 1994 च्या केंद्रीय कायद्याने सगळ्या राज्यांना नोंदवही ठेवायला लावली आणि 1996 च्या ‘मेगन्स लॉ’ने तिच्यातली माहिती लोकांपुढे आली. या कायद्यांच्या मुळाशी लहान मुलांची अपहरणे आणि हत्या होत्या. त्या आईवडिलांचे दुःख खरे होते आणि सरकारने काहीतरी करावे ही त्यांची मागणीही रास्त होती.

आता तो निकाल. अलास्काने 1994 मध्ये नोंदणीचा कायदा केला आणि तो आधीच शिक्षा भोगून सुटलेल्यांनाही लावला. अशा दोघांनी दाद मागितली. त्यांच्यापैकी एकाची पत्नीही याचिकाकर्ती होती. मुद्दा साधा होता: गुन्हा घडला तेव्हा कायद्यात नसलेली शिक्षा मागाहून देता येत नाही. आपल्या राज्यघटनेतला अनुच्छेद 20(1) हेच सांगतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी उत्तर दिले की तत्त्व बरोबर आहे, पण नोंदणी ही शिक्षाच नव्हे. ती ‘नागरी’ स्वरूपाची, लोकांना सावध करण्यासाठी केलेली नियामक व्यवस्था आहे. सुनावणीत राज्याच्या वकिलांनी या नोंदणीची तुलना घाऊक विक्रीच्या दुकानाचे सभासदत्व घेण्याशी केली होती. तेच वकील 2005 मध्ये त्या न्यायालयाचे सरन्यायाधीश झाले.

‘नागरी’ हा शब्द मराठीत फार निरुपद्रवी वाटतो, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. एखादी गोष्ट शिक्षा ठरली की तिच्याभोवती मर्यादा येतात: ती पूर्वलक्षी लावता येत नाही, ती गुन्ह्याच्या प्रमाणात असावी लागते. तीच गोष्ट ‘नागरी’ म्हटली की या मर्यादा लागू होत नाहीत. 2003 नंतर राज्याराज्यांत तेच घडले. वीस वर्षांपूर्वीच्या गुन्ह्यासाठी नोंदलेल्या माणसावर दर अधिवेशनात नवे बंधन लादता येऊ लागले. 2006 च्या केंद्रीय कायद्याने नोंदणीची मुदत गुन्ह्याच्या श्रेणीनुसार 15 वर्षे, 25 वर्षे किंवा आजन्म अशी ठरवली. अलास्काच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र 2008 मध्ये राज्याच्या घटनेचा आधार घेऊन हीच पूर्वलक्षी नोंदणी शिक्षा ठरवली.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2003 च्या निकालात आणखी एक गोष्ट शिरली होती. लैंगिक गुन्हेगार पुन्हा गुन्हा करण्याची जोखीम ‘भयावह आणि मोठी’ असल्याचे शब्द 2002 च्या एका निकालातून उचलले गेले. तिथे उपचार न घेतलेल्यांसाठी 80 टक्क्यांचा आकडा होता. अभ्यासकांनी माग काढला तेव्हा तो 1986 च्या एका लोकप्रिय नियतकालिकातल्या लेखापर्यंत पोचला, आणि लेखात आकड्याला कसलाही आधार नव्हता. केंद्रीय न्याय खात्याने 1994 मध्ये तुरुंगातून सुटलेल्या 9,691 लैंगिक गुन्हेगार पुरुषांचा तीन वर्षांचा पाठपुरावा केला, तेव्हा नव्या लैंगिक गुन्ह्यासाठी पुन्हा अटक झालेले 5.3 टक्के निघाले. सगळे गुन्हे पोलिसांपर्यंत येत नाहीत, हे लक्षात ठेवूनही 80 आणि 5.3 यांतले अंतर फार मोठे आहे.

शाळा आणि बागांपासून ठरावीक अंतरात राहायचे नाही, हे बंधन सर्वांत जाचक ठरले. मायामी परिसरातल्या स्थानिक नियमांनी हे अंतर 2,500 फूट, म्हणजे साधारण 760 मीटर ठेवले. दाट वस्तीच्या शहरात उरले काय? समुद्रखाडीवरच्या एका पुलाखाली तंबू आणि फळकुटांची वस्ती उभी राहिली. 2010 मध्ये ती हटवली गेली, पण नियम तसाच राहिला. आयोवातल्या सरकारी वकिलांच्या संघटनेने 2006 मध्येच जाहीर सांगितले होते की अशा बंधनांनी मुलांचे रक्षण होत नाही, उलट माणसे पत्ता लपवू लागतात. हे सांगणारे गुन्हेगारांचे वकील नव्हते, त्यांना तुरुंगात धाडणारे होते.

त्याच वर्षांत विखुरलेली कुटुंबे एकत्र येऊ लागली. मुलांच्या शाळेत कार्यक्रमाला वडिलांना जाता येत नाही, भाड्याचे घर मिळत नाही, पत्त्यासह फोटो झळकला की शेजारी दारात येतात. या बायका विधिमंडळाच्या समित्यांपुढे दोन-तीन मिनिटांची साक्ष देऊ लागल्या. पीडितांना विसरा, असे त्या म्हणत नव्हत्या. 1994 चा केंद्रीय कायदा ज्या मुलाच्या नावे झाला, त्याच्या आईनेही पुढे जाहीरपणे म्हटले की हे कायदे फार ताणले गेले आहेत, विशेषतः अल्पवयीन मुलांच्या बाबतीत.

भारतानेही सप्टेंबर 2018 मध्ये अशी राष्ट्रीय नोंद सुरू केली, पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना पाहता येते. हा फरक लहान नाही.

2016 मध्ये मिशिगनच्या खटल्यात केंद्रीय अपील न्यायालयाने निकालपत्रात ग्रँड रॅपिड्स शहराचा नकाशाच छापला. शाळांभोवतीची 1,000 फुटांची वर्तुळे रंगवली की राहायला आणि काम करायला किती थोडी जागा उरते, ते त्यात डोळ्यांना दिसते. न्यायालयाने या बंधनांना शिक्षा म्हटले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. कॅलिफोर्नियाने 2017 मध्ये सरसकट आजन्म नोंदणीऐवजी 10 वर्षे, 20 वर्षे आणि आजन्म अशा श्रेणी मान्य केल्या आणि जुलै 2021 पासून नाव काढण्याचे अर्ज घेतले जाऊ लागले. मिशिगनने 2021 मध्ये शाळांभोवतीची वर्तुळे पुसली, पण नोंदणीची बाकीची बरीच बंधने कायम ठेवली. 2022 मध्ये त्यांविरुद्ध पुन्हा नवा खटला दाखल झाला.