पार्श्वभूमी: परदेशातली पाइपची दुकाने आणि एका व्याख्येचा घोळ

परक्या शहरात उतरून पाइपचे दुकान शोधणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. ओढणारे घटले, जुनी दुकाने मिटली, हे सगळ्यांना दिसतेच. तरीही जाणत्या माणसाची फसगत होते ती वेगळ्याच जागी. ‘पाइपची तंबाखू’ म्हणजे नेमके काय, याचे उत्तर प्रत्येक देशाचा कायदा वेगळे देतो. कोणत्या दुकानात काय मिळेल, किती महाग मिळेल आणि सीमेवर त्यातले किती सोबत नेता येईल, हे त्या उत्तरावर ठरते.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. फ्रान्समध्ये १६७४ साली तंबाखूविक्री राजसत्तेच्या मक्तेदारीत गेली. क्रांतीच्या काळात ती मोडली आणि १८१० मध्ये पुन्हा आली. ऑस्ट्रियात १७८४ पासून ‘ट्राफिक’ नावाची परवानाधारक दुकाने आहेत आणि त्यांचे परवाने युद्धात जायबंदी झालेल्यांना आधी मिळत. इटलीत पांढऱ्या ‘टी’ अक्षराची पाटी, स्पेनमध्ये ‘एस्तांको’, ही सगळी त्याच घराण्यातली. फ्रान्समधल्या लाल, दोन्ही टोकांना निमुळत्या पाटीला आजही ‘कारोत’ म्हणजे गाजर म्हणतात. पूर्वी तंबाखूची पाने आवळून बांधलेली गुंडाळी मिळे, तिचा तो आकार. ही दुकाने सापडायला सोपी आहेत. पण परवाना मुळात महसुलासाठी होता, शौकासाठी नव्हे. त्यामुळे आत सिगारेटी भरपूर, आणि पाइपवाल्यासाठी बहुतेक ठिकाणी कोपऱ्यात चार पुड्या.

जिथे विक्री सरकारने हातात घेतली नाही, तिथे खास पाइपची दुकाने फुलली. जर्मनीत १८८२ साली मक्तेदारीचा प्रस्ताव संसदेपुढे आला आणि संसदेने तो फेटाळला. लंडनचा सेंट जेम्स भाग, कोपनहेगन आणि कोलोन या ठिकाणांची कीर्ती खासगी दुकानदारीतूनच उभी राहिली. बरण्या मांडलेल्या असायच्या आणि गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे मिश्रण करून मिळायचे. जर्मनीत एक गोष्ट लक्षात ठेवावी: करपट्टीवर छापलेली किंमत हीच विक्रीची किंमत. दुकानदाराला त्यात सूट देता येत नाही, म्हणून स्वस्ताईसाठी चार दुकाने फिरण्यात अर्थ नाही. मिळणाऱ्या प्रकारांसाठी मात्र जरूर फिरावे.

आता घोळाकडे. त्याचे मूळ एका तारखेत आहे, १ एप्रिल २००९. मुलांच्या आरोग्यविम्याला पैसा हवा होता म्हणून अमेरिकेने त्या दिवसापासून केंद्रीय तंबाखू कर वाढवला. तोपर्यंत हाताने सिगारेट वळायच्या तंबाखूवर आणि पाइपच्या तंबाखूवर सारखाच कर होता, पौंडाला १.०९६९ डॉलर. नव्या दराने वळायच्या तंबाखूवरचा कर २४.७८ डॉलर झाला आणि पाइपच्या तंबाखूवरचा २.८३११ डॉलर. वळायची तंबाखू तयार सिगारेटच्या पातळीवर आणायची, हा हेतू समजण्यासारखा होता. पाइप ओढणारे थोडे, त्यांना फार टोचायचे नाही, हेही समजण्यासारखे होते. पण एकाच पानाच्या दोन नावांमध्ये जवळजवळ २२ डॉलरची दरी पडली आणि ही दोन नावे वेगळी कशी ओळखायची, हे कायद्याने मोजून सांगितलेच नव्हते.

तिथली व्याख्या अशी आहे: रूप, प्रकार, वेष्टन किंवा लेबल यांमुळे जी पाइपमध्ये ओढण्याजोगी ठरते आणि ग्राहक जी पाइपची म्हणून घेण्याची शक्यता आहे, ती पाइपची तंबाखू. कापाची रुंदी नाही, ओलाव्याचे प्रमाण नाही, साखर किंवा मुरवण्याची अट नाही. मग जे व्हायचे ते झाले. तीच बारीक तंबाखू, तीच मोठी पिशवी, वर अक्षरे तेवढी बदलली. संसदेच्या लेखापरीक्षकांनी नंतर मांडलेले आकडे बोलके आहेत. जानेवारी २००९ मध्ये पाइपच्या तंबाखूची महिन्याची विक्री सुमारे २ लाख ४० हजार पौंड होती. सप्टेंबर २०११ मध्ये ती ३० लाख पौंडांच्या वर गेली. याच काळात वळायची तंबाखू सुमारे २० लाखांवरून ३ लाख १५ हजारांवर आली. पाइप ओढणारे अडीच वर्षांत बारापट झाले, असे कोणीच म्हणणार नाही. काही दुकानांनी तर सिगारेट भरून देणारी यंत्रेच दारात ठेवली. २०१२ च्या जुलैमध्ये अशा दुकानांना उत्पादक ठरवून उत्पादकाचे नियम लावणारी तरतूद आली, पण पिशवीवरच्या नावाचा प्रश्न तसाच राहिला. करखात्याने दोन्ही तंबाखूंमधली रेघ आखण्यासाठी मते मागवली, प्रस्ताव मांडले. मोजमापाची पक्की कसोटी काही आली नाही.

यावर दोन मते आहेत. दोन्हींवरचा कर सारखा करा म्हणजे फसवणुकीचे कारणच उरणार नाही, असे आरोग्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात. दर समान झाला की पळवाट बुजते, हे खरेच आहे. दुसरी बाजू खऱ्या पाइपवाल्यांची आणि त्यांच्या छोट्या दुकानदारांची. लेबल बदलले मोठ्या पिशव्या विकणाऱ्यांनी. त्यासाठी ५० ग्रॅमचा डबा महिनाभर पुरवणाऱ्या माणसाने नऊपट कर का भरावा? आमच्या मते या म्हणण्यात जास्त तथ्य आहे. चूक व्याख्येत होती, दुरुस्ती तिथेच व्हायला हवी होती. कापाची रुंदी मोजायला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

प्रवाशापुरता याचा अर्थ सरळ आहे. अमेरिकेत पेट्रोल पंपावर किंवा महामार्गालगतच्या दुकानात ‘पाइप टोबॅको’ असे ठळक लिहिलेली, पाव-अर्ध्या किलोची स्वस्त पिशवी दिसली, तर ती बहुधा सिगारेट वळण्यासाठी असते. पाइपमध्ये ती भराभर जळते, तापते आणि जीभ भाजते. ‘स्मोक शॉप’ या पाटीवरही विसंबू नये. तिच्यामागे आता बहुतेक वेळा व्हेप, हुक्का आणि काचेच्या नळ्या असतात. ‘टोबॅकोनिस्ट’ हा जुना शब्द शोधावा आणि दुकानात बरण्या आहेत का, हे आधी विचारावे. तिथेही २०१६ पासून अडचण आहे. त्या वर्षी पाइपची तंबाखू औषध-नियंत्रकांच्या कक्षेत आली आणि दुकानात दोन बरण्यांमधली पाने एकत्र करणारा दुकानदारही उत्पादक ठरू लागला.

युरोपीय संघाने मोजपट्टी वापरली. वजनाने २५ टक्क्यांहून अधिक कण १.५ मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीचे असतील, तर ती तंबाखू ‘बारीक कापाची’, म्हणजे वळायची. पूर्वी ही मर्यादा १ मिलिमीटर होती. २०१० च्या दुरुस्तीने ती वाढवली. अमेरिकेतला घोळ इथे त्या प्रमाणात झाला नाही, मात्र पाइपसाठीच बनणारे काही पारंपरिक बारीक काप चढ्या कराच्या बाजूला गेले. फ्लेक (दाबलेल्या तंबाखूच्या पातळ चकत्या), प्लग (दाबलेली अखंड वडी) आणि जाड रिबन (रुंद पट्ट्यांचा काप) मात्र निर्धोक राहिले.

पुढे संघाचा २०१४ चा तंबाखूविषयक निर्देश आला आणि मे २०१६ पासून लागू झाला. सिगारेट आणि वळायच्या तंबाखूला ठळक स्वाद देण्यावर बंदी आली, पाइपच्या तंबाखूला सूट मिळाली. ही सूट सशर्त आहे. किमान पाच सदस्य देशांत विक्री १० टक्के वाढली, किंवा २५ वर्षांखालच्यांमध्ये वापर पाच टक्केबिंदूंनी वाढला, तर ती काढता येते. सीमेपलीकडून टपालाने तंबाखू मागवण्यास मनाई करण्याचा अधिकारही देशांना मिळाला आणि अनेकांनी तो वापरला. म्हणजे जर्मनीत आवडलेले मिश्रण घरी परतल्यावर मागवता येईलच असे नाही. प्रवासातच घ्यावे लागते. २० मे २०२४ पासून पाकिटाचा माग ठेवणाऱ्या सांकेतिक खुणांची सक्ती पाइपच्या तंबाखूलाही झाली. लाखो पाकिटे काढणाऱ्याला जो खर्च जाणवत नाही, तो वर्षाला काही शे डबे भरणाऱ्याचे कंबरडे मोडू शकतो. या नियमाची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

ब्रिटनने तंबाखूऐवजी दुकानाची व्याख्या केली. ज्याची निम्म्याहून अधिक विक्री सिगार, तपकीर, पाइपची तंबाखू आणि ओढण्याचे साहित्य यांतून होते, ते खास तंबाखूचे दुकान. इंग्लंडमध्ये मोठ्या दुकानांत २०१२ पासून आणि लहान दुकानांत २०१५ पासून तंबाखू उघड मांडता येत नाही. खास दुकानाला आतमध्ये मांडण्याची मुभा आहे, पण ती बाहेरून दिसता कामा नये. त्यामुळे खिडकीकडे पाहून दुकान रिकामे वाटले तरी दार ढकलून आत जावे.

सामानाच्या मर्यादाही अशाच विस्कळीत आहेत. युरोपीय संघात बाहेरून येताना आणि ब्रिटनमध्ये २५० ग्रॅम हा नेहमीचा आकडा आहे. न्यूझीलंडने २०१४ मध्ये ५० ग्रॅम केला. हाँगकाँगमध्ये २५ ग्रॅम. सिंगापूरमध्ये तंबाखूला शुल्कमाफीच नाही, पहिल्या ग्रॅमपासून जाहीर करावे लागते. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये २५० वरून ५० ग्रॅमवर आणि जुलै २०१७ मध्ये २५ ग्रॅमवर आणले. शिवाय उघडलेली एक पुडी चालते. मर्यादा ओलांडली तर शुल्क फक्त जादा ग्रॅमांवर लागत नाही, सगळ्या तंबाखूवर लागते. पाइपच्या तंबाखूचा नेहमीचा बंद डबा ५० ग्रॅमचा असतो.