वाक्-भाषा तपासणी, मुलांची (बेळगाव सीमाभाग)

मुलाचे उच्चार, आकलन, वाक्यरचना व बोलण्याचा ओघ वयाच्या मानाने मागे आहेत काय, हे ठरविण्याची पद्धत. कर्नाटकातील बेळगाव (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी), खानापूर, निपाणी या टापूंत घरची मराठी आणि शाळा-बाजाराची कन्नड शेजारी नांदत असल्याने तिला येथे वेगळे वळण लागते.

आरंभ श्रवणचाचणीने होतो. नंतर जन्मवृत्त, टाळू-जिभेची पाहणी आणि खेळता खेळता घेतलेला बोलण्याचा नमुना. वर्षाच्या सुमारास पहिला अर्थपूर्ण शब्द, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडणी ही ढोबळ खूण. ‘र’, ‘ळ’ उशिरा बसतात. तीन वर्षांच्या मुलाचे ‘बेलगाव’ हा दोष नव्हे. कानडी घरातील मूल ‘भाकरी’ला ‘बाकरी’ म्हणते तेही नव्हे, कारण बोलीतील कन्नडमध्ये महाप्राण (ख, घ, भ यांसारखी ‘ह’ मिसळलेली व्यंजने) क्षीण असतात.

कन्नड चाचण्यांचे बरेचसे काम म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत (स्थापना १९६५) झाले. मराठीसाठी तपासनीस बहुधा पुण्या-मुंबईकडची प्रमाणभाषा गृहीत धरतो. बेळगावची मराठी कन्नड व प्रमाण मराठी या दोहोंपासून दूर पडते. येथील मुलगी ‘मी शाळेला जातो’, ‘मी आलो’ म्हणते, ‘दादा जेवालाय’ (जेवतो आहे) म्हणते, ‘मी भाकरी खाल्लो’ असेही म्हणते. प्रमाण मराठीच्या तक्त्यावर यातील प्रत्येक वाक्य चूक ठरेल. ‘जेवालाय’ तर ‘जेवलाय’ असे ऐकले जाऊन काळच बदलतो. हे रूप ‘जेवायला लागला आहे’ यातून झिजून आले असावे.

स्त्रियांच्या ‘मी आलो’च्या उगमाविषयी मतभेद आहेत. कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नाही. ‘नानु बंदे’ स्त्री-पुरुष दोघेही म्हणतात, म्हणून काही जण हा कन्नडचा ठसा मानतात. मात्र कोल्हापूरकडे, कन्नड न येणाऱ्या घरांतही हेच रूप रूढ आहे. त्यामुळे आजच्या द्वैभाषिकतेपेक्षा दीर्घ सहवासातून झालेली मिसळ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. सांगली जिल्ह्यातील ‘कुपवार’ या गावासंबंधी भाषाभ्यासक गंपर्झ व विल्सन यांनी १९७१ मध्ये मांडलेले, शेजारभाषांच्या रचना एकमेकींजवळ सरकतात हे निरीक्षण याच दिशेचे आहे. तपासनिसाला अर्थात उगमाशी कर्तव्य नाही. मुलीची आई, आजी ‘मी आलो’ म्हणतात काय, एवढे विचारले की भागते.

मूळचा भाषादोष मुलाच्या दोन्ही भाषांत दिसतो. एकीतच अडखळणे हे बहुधा सरावाच्या कमतरतेचे लक्षण. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलते, या समजाला आधार नाही.

‘जीभ जड आहे’ म्हणून वेखंड उगाळून मधातून चाटविण्याची चाल जुनी आहे. तिच्या भरवशावर श्रवणचाचणी लांबणे हे नुकसान. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतून भाषाविलंबाची प्राथमिक चाळणी होते. पुढील तपासणी जिल्हा पातळीवरील केंद्रात.