सोळा किलोंची खुर्ची कुणाच्या वाट्याला?

हाताने चालवायच्या व्हीलचेअरच्या मोठ्या चाकाला बाहेरून एक बारीक कडं असतं. बसणारा ते पकडतो, ढकलतो, सोडतो, हात मागे नेतो आणि पुन्हा पकडतो. दिवसभरात हे शेकडो, कधी हजारो वेळा घडतं. खांद्याची खोबण उथळ असते. तो सांधा मोकळा फिरण्यासाठी घडला आहे, शरीराचा भार रोज ओढण्यासाठी नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की खांदा दुखू लागतो, मनगटातली नस दबते. पाय आधीच गेलेल्या माणसाचे हातही जायला लागले, तर पलंगावरून खुर्चीत बसणंसुद्धा दुसऱ्यावर अवलंबून राहतं.

म्हणून खुर्ची कोणती मिळते, हा मला उपचाराचा प्रश्न वाटतो, नुसत्या सोयीचा नाही. साधी घडीची खुर्ची १६ किलोंच्या वर जाते आणि तिच्या मागच्या चाकाची आस, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो दांडा, सहसा एकाच जागी पक्की असते. अल्ट्रालाइट खुर्ची १४ किलोंच्या आत असते आणि तिची आस सरकवता येते. आस थोडी पुढे घेतली की कडं हाताच्या नीट टप्प्यात येतं, एका ढकलण्यात चाक जास्त फिरतं आणि जोर कमी लागतो. फार पुढे घेतली तर मात्र खुर्ची मागे कलंडते, त्यामुळे माप घेणारा माणूस जाणकारच हवा.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी व्हेटरन्स अफेअर्स या खात्याची आरोग्यसेवा आहे. डॉक्टरांनी गरज नोंदवली की खुर्चीचे पैसे सैनिकाला सहसा द्यावे लागत नाहीत. खिसा आणि विमा हे नेहमीचे अडसर इथे बरेच कमी होतात, त्यामुळे इथे दिसणारा फरक जास्त बोचतो. २००० नंतर संशोधकांनी या सेवेच्या साधनवाटपाच्या नोंदी निदानांशी जोडून पाहिल्या. खुर्ची मिळत होती, पण ती कोणत्या प्रकारची, हे वंशानुसार बदलत होतं.

२००४ मध्ये मज्जारज्जूला इजा झालेल्या लोकांवरचा एक अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला. हाताच्या खुर्च्यांपैकी ९७ टक्के शरीराला जुळवून घेता येण्यासारख्या होत्या, विजेच्या खुर्च्यांपैकी फक्त ५४ टक्के. साध्या खुर्च्या अल्पसंख्य, कमी शिकलेल्या आणि कमी उत्पन्नाच्या लोकांकडे जास्त होत्या.

अशी तुलना सरळ करता येत नाही. अर्धांगवायूचा रुग्ण एका हाताने आणि एका पायाने खुर्ची सरकवतो. वयस्क माणसाला अनेकदा दुसरंच कुणी ढकलतं. अशांना वेगळी खुर्ची मिळणं योग्यच. म्हणून वय, निदान आणि इतर आजार सारखे धरून उरलेला फरक मोजावा लागतो. त्यातही जुन्या नोंदींत अनेकांच्या वंशाचा रकानाच रिकामा असे. विशेष केंद्रात जाणाऱ्याला खुर्चीचं माप नीट बसवून देणारा तज्ज्ञ भेटतो, बाकीच्यांना सामान्य दवाखान्यातली ठरलेली खुर्ची मिळण्याची शक्यता जास्त. शिवाय अल्ट्रालाइट नावाचं काही असतं, हे ज्याला ठाऊक तोच ते मागतो.

स्त्री सैनिकांचा प्रश्न वेगळा. बारीक चणीच्या व्यक्तीला रुंद आसन दिलं की कडं गाठायला कोपर बाहेर फाकतात आणि प्रत्येक ढकलण्याला खांदा तिरका वळतो. वाटपाच्या नोंदीत मात्र एवढंच दिसतं, की तिला खुर्ची दिली.